लोखंडाची खांदेमळण

पेरणी उरकल्यावर पाच-सहा दिवस शेतकरी रानात जातो तो नुसता बघायला. ओल धरली असेल आणि बी खरं असेल, तर चौथ्या-पाचव्या दिवशी माती फुगते, आठवड्याच्या आत तासं उमटायला लागतात. कधीकधी मात्र बांधावरून दिसतं ते असं: चार तासं हिरवी, पाचवं कोरं. पुन्हा चार हिरवी, पाचवं कोरं. या बांधापासून त्या बांधापर्यंत. नांगरट झाली, पाळी झाली, खत पडलं, पाऊसही वेळेवर आला. तरी वावराचा पाचवा हिस्सा मोकळा.

पाऊस यात निर्दोष असतो. बियाणं बोगस निघालं म्हणून कृषी सेवा केंद्राच्या दारात भांडण होतं, तेही पुष्कळदा उगाच. पेरणी यंत्राची एक नळी चोंदलेली असते, बस्स. मागल्या हंगामात पेटीत उरलेलं खत तसंच राहिलेलं असतं. दाणेदार खत पावसाळी हवेत पाघळतं, ढेकूळ होऊन बसतं आणि खालची बी-खत मोजून सोडणारी दातेरी चाकं गंजवतं. ती चाकं अडकली की एखाद्या फणातून काहीच पडत नाही किंवा भसाभसा पडतं. नळ्यांमध्ये तर कुंभारीण माशी मातीचं घर करून मोकळी झालेली असते. यंत्र वर्षातले दहा-अकरा महिने गोठ्याच्या भिंतीला उघड्यावर टेकलेलं. माशीला एवढी शांत जागा दुसरी कुठं मिळणार?

तिफणीच्या काळात हे होत नसे असं नाही, पण लगेच कळे. चाड्यावर मूठ धरून चालणाऱ्या बाईच्या बोटांतून बी सुटत असे आणि नळं चोंदलं तर ते चाड्यात साचून तिच्या हाताला लागत असे. चार पावलांत औत थांबे. ट्रॅक्टरच्या पेरणीत मागं कोणी बघत चालेल तर शपथ. ड्रायव्हरचं तोंड पुढं, इंजिनाचा आवाज, वर ढग आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन. चूक दिसते ती आठवड्यानं, आणि तोवर ट्रॅक्टर तिसऱ्या शिवारात गेलेला असतो.

उदाहरण म्हणून राणीसावरगाव घ्या, परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्याचं गाव. तालुक्याचं ठाणं गोदाकाठी. इकडं दक्षिणेला, लातूर जिल्ह्याच्या हद्दीकडं सरकलं की बालाघाटाचा डोंगराळ पट्टा लागतो. गोदाकाठची खोल काळी जमीन इथं सगळीकडं नाही. माळ आहे, बरड आहे, नांगराच्या फाळाला ठणकन लागणारा दगड आहे आणि उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला टेकला की नांगरटीमागं उठणारा धुळीचा लोट आहे. अशा जमिनीत यंत्राची झीज जास्त, म्हणजे देखभालही जास्त लागणार. घडतं ते उलटं.

गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. दळण-कांडण आणि जनाबाई यांची सांगड मराठी मनात इतकी घट्ट आहे की जात्याची आठवण इथं सहज निघते. जातं दळून दळून गुळगुळीत झालं की त्याला टाकी लावावी लागे. टाकी लावणारे दारोदार हाक देत फिरत आणि घरची बाई त्यांना थांबवून घेई, कारण टाकी नसली तर पीठ जाडं पडे आणि दंड भरून येत. यंत्राचा त्रास वापरणारीच्या अंगावर येत होता, म्हणून देखभाल होत होती. आज ट्रॅक्टरचा त्रास कुणाच्या अंगावर येतो? इथंच सगळी गोम आहे.

महाराष्ट्रातलं सरासरी वहिवाटीचं क्षेत्र २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर. कृषी अभियांत्रिकीत ट्रॅक्टर परवडायचा तर तो वर्षाला हजार तास चालावा असं धरतात. सव्वातीन एकरांत हजार तास कुठून आणायचे? म्हणून ट्रॅक्टर घेणारा जवळजवळ प्रत्येक जण भाड्यानं चालवतो. मालक एक, चालवणारा दुसरा, रान तिसऱ्याचं. ड्रायव्हरला पगार किंवा एकरामागं काही मिळतं. ग्रीसच्या गनवर खर्च केलेल्या वेळाचं त्याला काहीच मिळत नाही. मालक संध्याकाळी विचारतो ते ‘किती एकर झालं?’ हे. एअर फिल्टर बघितला का, हे विचारणारा मालक मिळाला तर त्याचा सत्कार करावा.

एअर फिल्टरचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इंजिनाचं आयुष्य तिथं ठरतं. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना, निदान जुन्यांना, तेलाचा फिल्टर असतो. बॉनेटजवळ एक वाटी, तिच्यात खुणेपर्यंत तेल. बाहेरची हवा आत शिरताना या तेलावरून वळते, धूळ तेलात बसते, वर तारेच्या जाळीत उरलीसुरली अडकते आणि स्वच्छ हवा इंजिनात जाते. विजेचा संबंध नाही, महागडा सुटा भाग नाही. क्लिपा काढायच्या, वाटी उतरवायची, गाळ सांडायचा, डिझेलनं धुवायची, तेल भरायचं. पंधरा मिनिटांचं काम आहे. धुळीचं रान असेल तर रोज बघावं असं कंपनीच्या पुस्तकातही चित्रासकट दिलेलं असतं. ते पुस्तक मात्र आरसी बुक आणि विम्याच्या कागदांबरोबर पिशवीत, कपाटात.

वाटी बघितली नाही तर काय होतं? आधी तेलाचा चिखल होतो, मग चिखलाची खापरी. हवा अडते, इंजिन ओढ धरत नाही, काळा धूर येतो. ड्रायव्हरला वाटतं डिझेलात भेसळ आहे. काही जण तर ‘हवा मोकळी’ व्हावी म्हणून फिल्टरचा पाइपच सैल करतात. मग बालाघाटाची ती बारीक, खरखरीत धूळ थेट लायनर आणि रिंगांवर जाते. काही महिन्यांत ट्रॅक्टर ऑइल प्यायला लागतो, धूर निळसर होतो, सकाळी सेल्फला दाद देत नाही आणि उतारावर लावून ठेवायची सवय लागते. गावात उतारावर उभे केलेले ट्रॅक्टर मोजले तर इंजिनांच्या तब्येतीचा अंदाज चालता चालता येतो. पुढचा मुक्काम ‘बोरचं काम’. पंधरा मिनिटं वाचवल्याचं बिल तिथं हजारांच्या पटीत निघतं आणि ट्रॅक्टर आठ-पंधरा दिवस मिस्त्रीच्या दारात खोललेला पडतो, तोही बहुधा मृगाच्या तोंडावर.

बाकीचं भराभर सांगतो. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं क्षाराचं पाणी, बाहेरून जाळीत अडकलेला भुसा. ग्रीसच्या निपल मातीनं बुजलेल्या. पुढच्या टायरात हवा कमी, मागच्यात अंदाजपंचे. तासमीटरची केबल तुटलेली, किंवा तोडलेली. हे शेवटचं महत्त्वाचं. ऑइल किती तासांनी बदलायचं हे मीटर सांगतो; बऱ्याच ट्रॅक्टरांना २५० तास सांगितलेले असतात. भाड्याचा ट्रॅक्टर मेच्या नांगरटीपासून मृगाच्या पेरणीपर्यंत दिवसाला बारा तास धरला तरी तीन आठवड्यांत २५० तास भरतात. म्हणजे ऑइल बदलायची पाळी ऐन गर्दीत येते. मीटर बंद असला की ती आलीच नाही असं मानता येतं, आणि पुढं ट्रॅक्टर विकताना ‘कमी चाललाय’ असंही म्हणता येतं.

आता हा सगळा आळस म्हणून सोडून द्यायचा का? तालुक्याच्या गावी शोरूममध्ये, बँकेत, कृषी कार्यालयात तसंच म्हणतात. शेतकऱ्याला सवय नाही, शिस्त नाही. मला हे पटत नाही. ज्या माणसाच्या बापानं, आजानं पिढ्यान् पिढ्या बैलांची खांदेमळण केली, त्याला देखभाल कळत नाही असं म्हणणं धाडसाचं आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायचे, जुवानं सोलवटलेल्या खांद्याला हळद आणि तूप किंवा तेल लावून चोळायचं, दुसऱ्या दिवशी जू मानेवर ठेवायचंच नाही. सण आणि धर्म सोडून बघा, हे वर्षाचं सर्व्हिसिंगच होतं. अवजारांचंही तसंच. वखराची पास बोथट झाली की लोहाराकडं शेवटून आणायची, तिफणीचा दांडा तडकला की सुताराच्या अंगणात नेऊन टाकायचा. मृगाआधी या दोघांच्या दारात औतांची रांग लागे.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिलं. त्यात बलुतेदारीचा हिशेब आहे. सुतार आणि लोहार पहिल्या ओळीचे बलुतेदार. कुणब्याचं औत चालू ठेवणं हे त्यांचं काम आणि त्याबद्दल सुगीत खळ्यावर ठरलेला वाटा. ही व्यवस्था जातीला जखडलेली होती, तिच्यात अन्याय होता, राबवून घेणं होतं. ती परत यावी असं शहाणा माणूस म्हणणार नाही. पण तिच्यातली एक गोष्ट आपण तिच्याबरोबरच फेकून दिली. दुरुस्ती वर्षभर, पैसे सुगीला. फाळ शेवटायला नेताना खिशात हात घालावा लागत नव्हता. लोहारालाही औत मोडून पडण्यात फायदा नव्हता, कारण दहा वेळा दुरुस्त केलं तरी वाटा तेवढाच.

लाकूड-लोखंडाच्या औताची जागा इंजिनानं घेतली तेव्हा लोहाराच्या त्या जागेवर कोणीच बसलं नाही. मिस्त्री आला, पण तो रोखीचा. आणि रोख केव्हा असते? सोयाबीन बाजारात गेलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कापूस वेचला की त्यापुढं. तेव्हा ट्रॅक्टर मळणीवर आणि हरभऱ्याच्या पेरणीवर रात्रंदिवस जुंपलेला असतो आणि मिस्त्रीला श्वास घ्यायला उसंत नसते. उलट जुलैअखेर ते सप्टेंबर, पोळ्याच्या आगेमागे, रानं ओली असतात, ट्रॅक्टर दारात उभा असतो, मिस्त्री पानटपरीवर बसून असतो; आणि घरात दमडी नसते, कारण सगळं पीक अजून रानात उभं असतं. वेळ असते तेव्हा पैसा नाही, पैसा येतो तेव्हा वेळ नाही. ‘सुगी होऊ द्या, मंग बघू’ हे वाक्य आळशी माणसाचं वाटतं, पण त्याच्या घरचं कॅलेंडर तेच सांगत असतं.

ट्रॅक्टरचे हप्ते तरी सहामाही, पीक बघून बांधलेले असतात. कर्ज देणाऱ्याला शेतीचं चक्र कळतं ते वसुलीपुरतं.

सरकारचंही बघा. केंद्राचं कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून चालू आहे. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरायचा, निवड झाली की पूर्वसंमती, मग खरेदी. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्क्यांपर्यंत अनुदान, इतरांना ४०. यंत्र आलं की मोका तपासणी, यंत्राशेजारी उभं राहून फोटो, आणि रक्कम खात्यात. त्या फोटोनंतर यंत्राकडं सरकारचं लक्ष नाही. पेरणी यंत्र दुसऱ्या वर्षी चालतंय की गंजतंय, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. परभणीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला सुरू झालं. त्याच तारखेला तिथं दरवर्षी खरीप शेतकरी मेळावा भरतो. बैलचलित अवजारांवर या विद्यापीठात चांगलं काम झालं आहे, रुंद वरंबा सरीचं पेरणी यंत्रही तिथूनच बऱ्याच जणांना ठाऊक झालं. पण अशा मेळाव्यांतली गर्दी नव्या, रंग चकाकणाऱ्या यंत्रांभोवती असते. जुनं यंत्र घेऊन या, खोलून दाखवतो, असा मांडव मला पाहायला आवडेल.

कराची गंमत तर औरच होती. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत ट्रॅक्टरवर जीएसटी १२ टक्के आणि त्याच्या टायरांवर, बऱ्याचशा सुट्या भागांवर १८ टक्के. अख्खा ट्रॅक्टर घेतला तर कर कमी, आहे तो नीट ठेवायचा म्हटलं तर जास्त! त्या दिवसापासून दोन्ही ५ टक्क्यांवर आले, हे बरं झालं. इंजिन ऑइल मात्र १८ वरच.

इथवर पैशाचं झालं. मळणी यंत्राचा हिशेब हातापायांत होतो.

मळणी यंत्राला फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट (पीटीओ) मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. डोळ्याची पापणी लवेपर्यंत पदराचं टोक दोन-तीन वेढे आत गेलेलं असतं. या शाफ्टवर कंपनी प्लॅस्टिकचं कवच देते. पहिल्या-दुसऱ्या हंगामात ते तडकतं आणि मग काढून टाकलं जातं. नवं आणलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. पट्ट्यांवरच्या जाळ्यांचंही तेच. पट्टा जुना झाला की घसरतो, दर तासाला ताणावा लागतो, आणि प्रत्येक वेळी जाळीचे चार बोल्ट कोण काढणार? जाळी भिंतीला उभी राहते. तिसरी गोष्ट घास टाकायच्या तोंडाची. धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा १९८३ चा आहे आणि त्यात मळणी यंत्र येतं. भारतीय मानकानं घासाची पन्हाळ किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातली ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली हवी असं सांगितलं आहे. हिशेब साधा आहे, माणसाचा हात ड्रमपर्यंत पोचू नये. गावोगाव दिसणाऱ्या यंत्रांत ही पन्हाळ कापून आखूड केलेली असते, कारण आखूड तोंडात घास लवकर जातो आणि मळणीचे पैसे पोत्यावर मिळतात.

घास टाकायला बहुधा बाया असतात. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला बांधलेला रुमाल, सुटलेलं टोक. रात्री अकरा वाजता, ट्रॅक्टरच्या एका दिव्याच्या उजेडात, उद्या पाऊस सांगितलाय म्हणून. मराठवाड्यात दर सुगीत मळणी यंत्रात अडकल्याच्या बातम्या येतात आणि जिल्हा पानाच्या कोपऱ्यात विरतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला आणि दोन अवयव गेले तर २ लाख, एक अवयव गेला तर १ लाख मिळतात. पण ती योजना शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एकासाठी आहे. ज्या बाईच्या घरी सातबाराच नाही, तिचा हात या हिशेबात बसत नाही. देखभाल टाळणारा एक आणि भोगणारा दुसरा, हे इथं जितकं उघडं दिसतं तितकं कुठंच नाही.

ट्रॉलीबद्दलही हेच. ४ एप्रिल २०२५ ला वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या मजूर बायांना घेऊन निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारातल्या विहिरीत पडली आणि सात जणी गेल्या. त्या अपघाताचं खापर मी देखभालीवर फोडत नाही. पण त्यानंतर किती ट्रॉल्यांचे ब्रेक तपासले गेले? बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेक नावालाच असतो. उसाच्या हंगामात रस्त्यावर रिफ्लेक्टर लावायची मोहीम निघते, फोटो निघतात. ब्रेक फोटोत येत नाही.

फवारणी पंप हे सगळ्यात स्वस्त यंत्र, म्हणून सगळ्यात दुर्लक्षित. गळका वॉशर, झिजलेली नोझल, खांद्यावरून पाठीवर ओघळणारं औषध. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. कारणं अनेक होती: दाट वाढलेला कापूस, औषधांची मिश्रणं, उघडं अंग, आणि पंपही. आपल्याकडं नेहमी घडणारी गोष्ट त्याहून साधी. धुऱ्यावर टू-फोर-डी तणनाशक मारायचं, पंप नुसता विसळायचा आणि त्यातूनच कापसावर कीटकनाशक घ्यायचं. टाकीत, नळीत उरलेला अंश कापसाला पुरतो. चार-आठ दिवसांत शेंड्याची पानं अरुंद, ताणलेली, पंजासारखी निघतात. मग ‘रोग आला’ म्हणून आणखी एक फवारा, त्याच पंपानं.

सुगीत पंजाब-हरियाणाकडून हार्वेस्टर येतात, तेव्हा मात्र वेगळं दृश्य दिसतं. त्यांच्या टोळीत चालवणारे असतात, मिस्त्री असतो, पट्टे आणि बेअरिंगांची पेटी असते. काम थांबलं की आधी यंत्राचा भुसा झाडायचा, ग्रीस द्यायचं, पट्टे चाचपायचे. मग चूल पेटवायची. ही माणसं आपल्यापेक्षा शिस्तीची म्हणून असं करतात, हे मला फारसं खरं वाटत नाही. परमुलखात आलेलं यंत्र बंद पडलं की त्यांचा त्या दिवसाचा धंदा बुडतो, आणि मिस्त्री टोळीतला असल्यामुळं त्याला बोलवायला आणि रोख मोजायला लागत नाही. लोहाराचं बलुतं त्यांनी ट्रकवर लादून आणलेलं आहे, एवढंच.

राणीसावरगावसारख्या गावात ट्रॅक्टरमालकांनी मिळून मिस्त्री बांधून ठेवायचा म्हटलं, पोळ्याला सर्व्हिसिंग आणि सोयाबीन विकल्यावर पैसे, तर अडचण मिस्त्रीपेक्षा सुट्या भागांची येते. मजुरीत तो थांबेल. ऑइल, फिल्टर, पट्टे यांचे पैसे दुकानदाराला आधी लागतात. त्यासाठी नवी योजना काढायचीही गरज नाही. किसान क्रेडिट कार्डाची पद्धत २०१२ साली सुधारली तेव्हा पीककर्जाची मर्यादा कशी काढायची हे ठरवून दिलं आहे: पिकाला क्षेत्रानुसार ठरलेल्या कर्जाची जी रक्कम निघेल तिच्यावर १० टक्के काढणीनंतरच्या खर्चाला आणि घरखर्चाला, आणि आणखी २० टक्के शेतीच्या साधनांच्या दुरुस्ती-देखभालीला. म्हणजे लाखाच्या पीककर्जावर २० हजार रुपये दुरुस्तीच्या नावानं कागदावर मांडता येतात. मे महिन्यात कर्जाचं नवं-जुनं करायला शेतकरी शाखेत जातो तेव्हा अंगठा किंवा सही कुठं करायची ते त्याला दाखवतात, हा रकाना दाखवत नाहीत. मर्यादा काढताना ते २० टक्के धरले का, एवढं काउंटरवर विचारून बघावं. साहेब वैतागतील, पण परिपत्रक त्यांच्याकडंही आहे.